डिझेलचा कौल

महाराजा, तू चुकीचा कौल दिलास.

तोंडाने हे बोलले की वाडीतल्या बायका कानांवर हात ठेवतात आणि बाप्ये देवळाच्या दिशेने बघून पुटपुटायला लागतात. म्हणून लिहिते आहे. तुझं नाव लिहीत नाही. वाडीला ते सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून तो काय करणार? शिवाय तुझ्या नावाने एक पतपेढी, एक भजनी मंडळ आणि एक क्रिकेटची टीम चालते. त्यांचा काही दोष नाही. दोष तुझा. चुकलास तो चुकलास, वर गप्प बसलास. माणसाने असं केलं असतं तर आम्ही त्याला निवडून दिलं असतं. तू आधीच देव, तुला आणखी वर कुठे चढवणार?

गोष्ट गाडीची आहे. तुला आठवत नसेल. मी आठवण करून देते.

"ताई, गाडी उंदीर न्यायला घेताय?"

तालुक्याच्या शोरूममधला सेल्समन विचारत होता. गळ्यात टाय, पायांत पावसाळी चपला. मी पिकअपच्या हौद्यात उकिडवी बसून गवताच्या थरावर शाडूचे उंदीर मांडत होते. बाबा खाली छत्री धरून उभे होते. आणि बाबांचे धाकटे भाऊ, आमचे आपाकाका, गाडीभोवती फिरत टायरांना लाथा घालत होते. टायरला लाथ घातली की इंजिनाचं कळतं, असं आमच्याकडच्या बाप्यांचं शास्त्र आहे.

"गणपती न्यायला घेतोय," मी म्हटलं. "पण गणपती फोडून बघायचा नसतो ना? म्हणून उंदीर."

आमच्या घरी गणपतीची शाळा होती. शाळा म्हणजे मूर्ती घडवायची पडवी. आजोबांच्या वेळेपासून ठरलेल्या घरांचे लाकडी पाट आषाढात आमच्याकडे यायचे, प्रत्येकावर घराण्याची खूण. ज्याचा पाट, त्याच पाटावर त्याचा गणपती. पाट आला म्हणजे ते घर आमचं. पाट आला नाही म्हणजे घर तुटलं. भांडण नाही, निरोप नाही. पाटच येत नाही, एवढंच. आमच्या धंद्यात याहून मोठी शिवी नाही.

पूर्वी त्या घरांतले चार बाप्ये यायचे आणि मूर्ती डोक्यावरून न्यायचे. पुढे बाप्ये मुंबईला गेले, उरलेल्यांचे गुडघे गेले, आणि डोक्यावरून येणारा गणपती फोनवरून यायला लागला. "मेस्त्रीनू, आमचो गणपती घराक पोचवा हां." म्हणून गाडी. एकाच कंपनीच्या, एकाच चेहऱ्याच्या दोन पिकअप शोरूमच्या दारात उभ्या होत्या. एकीत पेट्रोलचं इंजिन, दुसरीत डिझेलचं. घ्यायची एक.

आधी पेट्रोलची. शोरूम ते रेल्वे फाटक आणि परत. फाटक बंद होतं. इंजिन चालू ठेवून आम्ही उभे राहिलो. एक रेल्वे गेली, समोरून दुसरी गेली, फाटक उघडलं. परत येऊन उंदीर मोजले. सगळे धडधाकट, मिश्या पुसून निघाल्यासारखे.

मग डिझेलची. नवे उंदीर, तेवढंच गवत, तोच रस्ता. रस्त्यावर ही गाडी झकास धावली, खोटं कशाला बोलू? चढाला तिने दम लागू दिला नाही. पण फाटकाशी उभी राहिली आणि तिला हिवताप भरला. हौद्याचा पत्रा थरथरतोय, माझे दात थरथरतायत. शाडूची माती पावसात वरून वाळते, पोटात ओलच राहते. धक्का ती एक वेळ सोसेल, ही बारीक थरथर सोसत नाही. माझ्या डोळ्यांसमोर एका उंदराचा कान सुटला. मग दुसऱ्याचा. फाटक उघडेपर्यंत अर्धे उंदीर बहिरे झाले होते.

"डिझेलला थोडं व्हायब्रेशन असतंच, ताई," सेल्समन म्हणाला. "पण ओढ बघा ना!"

"तांच तर!" आपाकाका म्हणाले. "ओढ व्हयी! उंदराचे कान पडले म्हणान डिझेल नको? उद्या पाल चुकचुकली म्हणान घर विकशीत!"

"आपा, उंदराचे कान पडले म्हणजे गणपतीची बोटं पडतली," मी म्हटलं.

"मगे गणपतीक मूठ आवळून बसव!"

सेल्समन हसला. गिऱ्हाईक ज्या बाजूला हसतं त्या बाजूला हसायचं, हे त्याला शिकवलेलं असावं. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी पडलेला एक कान उचलला, अंगठ्यावर घेतला, बघितला आणि खिशात टाकला.

"बघूया," ते म्हणाले.

आमच्या बाबांचं सगळं आयुष्य या एका शब्दात बसतं. लग्न ठरलं तेव्हाही ते 'बघूया'च म्हणाले होते, असं आये सांगते. बघितलं मात्र लग्नानंतर.

आता खरं काय पणाला लागलं होतं ते सांगते, कारण ते गाडीचं नव्हतं. बाबांचा उजवा हात थरथरायला लागला होता. मूर्ती घडवणं कसंबसं जमायचं, पण डोळ्यांची आखणी जमत नव्हती. गणपतीचा डोळा म्हणजे एक रेघ. ती चुकली तर देव तिरळा बसतो. दोन वर्षं सगळे डोळे मीच लिहिले होते. बाहेर कुणाला माहीत नव्हतं. लोक मूर्ती बघून म्हणायचे, "मेस्त्रीनू, ह्या वर्साचो डोळो काय बघता हो! जितो!" बाबा मान डोलवायचे. मी आत चहा गाळत असायचे.

शाळा मला चालवायची होती. ते मी घरात उघड बोलले होते आणि आपाकाकांनी उघड ऐकलं होतं. "चेडवाच्या हातचो गणपती कोण घेतलो? उद्या लगीन करून जातली, मगे पाट काय सासराक नेतली?" त्यांचा बेत वेगळा होता. डिझेलची गाडी घ्यायची, वर्षभर तिच्यातून जांभ्याचे चिरे वाहायचे, आणि चतुर्थीच्या आधी बाहेरून प्लास्टरच्या तयार मूर्ती भरून आणायच्या. माती मळणं नको, वाळवणं नको, घरचं चेडू, म्हणजे मी, तर नकोच. पेट्रोलची गाडी आली तर शाळा राहणार होती, कारण ती गाडी मातीच्या मूर्तीसाठीच घेतलेली असणार होती. डिझेलची आली तर शाळेची पडवी चिऱ्यांना. एवढं साधं होतं.

त्या आठवड्यात वाडीला दुसरा विषय नव्हता. दाजीच्या चहाच्या टपरीवर ज्यांनी आयुष्यात सायकलची चेन बसवली नाही ते इंजिनावर व्याख्यान देत होते. एक म्हणाला, डिझेल लवकर पेटत नाही म्हणून सुरक्षित. दुसरा म्हणाला, लवकर पेटत नाही म्हणून तर थंडीत चालू होत नाही. आमच्याकडे थंडी कधी पडते हे दोघांनाही आठवेना. आणि आपाकाका घरी येऊन त्याचं सार सांगायचे.

"पेट्रोल म्हणजे बायल," जेवताना ते म्हणाले. "आवाज नाय, नखरे बरे, पण चढार बसकण मारतली. डिझेल म्हणजे दादलो. आवाज करता, पण ओढता."

आये भात वाढत होती. "आवाज करता तां खरा, भावोजी," ती म्हणाली. "ओढता खय तां माका ह्या घरात अजून दिसूक नाय."

मी हसले. बाबाही हसणार होते, पण त्यांनी वरणाचा घोट घेतला.

"वहिनी, मस्करी नको. खिंडीचो चढ बघितलंस मा? वरच्या वाडीचे सगळे गणपती थय जातत. भरलेली गाडी घेवन पेट्रोल थय चढात?"

"चढतली," मी म्हटलं. "गणपती पोकळ असतत, आपा. चिरे नसतत."

"आणि उरलेले अकरा म्हयने? गाडी काय गोठ्यात बांधून तिका पेंड घालतलंस?"

आपाकाका मूर्ख नव्हते. त्यांचं गणित त्यांच्या बाजूने बरोबर होतं, माझं माझ्या बाजूने. अशा वेळी घरातल्या कर्त्याने एक बाजू घ्यायची असते. गाडी बाबांच्या नावावर होणार होती. सगळे बाबांकडे बघत राहिलो. त्यांनी ताटात हात धुतला, उठले, ओटीवर गेले, परत आले.

"देवाक इचारूया," बाबा म्हणाले.

आपाकाकांचा घास हातात राहिला. तुझ्याकडे धावण्याची खोड त्यांची होती, बाबांची नव्हे. बाबा मूर्ती करणारे. ज्याने रोज चिखलातून देव काढायचे तो देवळात फारसा जात नाही, हलवायाने लाडू न खावा तसं. पण देवाचं नाव काढल्यावर आपाकाका नाही कसे म्हणणार?

"इचारूया," ते म्हणाले. "देव सांगीत तां खरा. मगे कोणी तोंड वाकडा करूचा नाय."

हे शेवटचं माझ्याकडे बघून.

मला तेव्हा बरं वाटलं होतं. तुला सांगते, महाराजा, मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता. मला वाटलं, काकांपेक्षा देव बरा. त्याला टायरला लाथ घालायची सवय तरी नाही.

आमच्याकडचा कौल कसा असतो हे तुला माहीत आहे, पण वाचणाऱ्याला नसेल. तुझ्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर गुरव फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो. गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांच्या वतीने खणखणीत आवाजात तुला प्रश्न सांगतो. मग वाट बघायची. उजवीकडची पाकळी आधी पडली की 'हो'. डावीकडची आधी पडली की 'नाही'. एकदा कौल मिळाला की त्याच गोष्टीवर पुन्हा विचारायचं नाही. बाप्ये आत उभे राहतात. बायका पायऱ्यांवर.

त्या दिवशी पाऊस असा कोसळत होता की देवळाच्या पत्र्यावर कोणी खडी ओततंय असं वाटावं. मी सर्वांत वरच्या पायरीवर, आये माझ्या मागे. दारातून मला लवू गुरवांची पाठ दिसत होती, आणि बाबांची. गाऱ्हाणं सुरू व्हायच्या आधी बाबा वाकले आणि गुरवांच्या कानात काही बोलले. गुरवांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. बाबांनी पुन्हा मान हलवली. मग गुरवांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" आतले बाप्ये ओरडले.

"ही तुझी लेकरा आज तुझ्या पायाकडे इलीत..."

"व्हय म्हाराजा!"

त्यापुढचं पत्र्याने खाल्लं. मधूनच 'गाडी' ऐकू आलं, मधूनच 'मेस्त्री', आणि दर दोन श्वासांनी 'व्हय म्हाराजा'. मी मनात म्हणत होते, उजवी, उजवी, उजवी. उजवी म्हणजे पेट्रोल असणार. कारण पेट्रोल मी सुचवलं होतं आणि सुचवणाऱ्याचं विचारतात.

गाऱ्हाणं संपलं, गुरव बाजूला झाले. मग डावी पाकळी पडली. मला ती पडताना दिसली. पांढरी होती.

आपाकाका बाहेर आले ते हात उंच करून. "डिझेल!" ते पावसात ओरडले. पायऱ्यांवरच्या बायकांनी हात जोडले. वाडीच्या इतिहासात डिझेलला एवढा भक्तिभावाने नमस्कार कधी झाला नसेल. बाबा सगळ्यांत शेवटी बाहेर आले. त्यांचा चेहरा असा, की मला वाटलं गुडघा दुखावला.

"बाबा, आता?"

"आता काय? देवान सांगितला." आणि माझ्या डोक्यावर छत्री न धरता ते निघाले. छत्री हातातच होती. उघडलीच नाही.

गाडी आली. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू चिरडलं. आपाकाकांनी काचेवर तुझा फोटो लावला. त्या वर्षाचे पाट अजून सगळे होते. मी माती नेहमीपेक्षा जास्त मळली. जिथे जिथे बोट सुटं येतं तिथे आत काडी घातली, कान डोक्याला चिकटवून बसवले, सोंडेचं टोक पोटावर टेकवलं. म्हटलं, देवाने डिझेल सांगितलंय तर आपण देव डिझेलजोगा करू. आपाकाका बघून म्हणाले, "ह्यो गणपती हा काय पोलीस? असो काय आकसून बसलो?"

चतुर्थीच्या आदल्या दिवशी वरच्या वाडीची फेरी निघाली. आपाकाका चालवत होते, मी हौद्यात मूर्तींच्या मध्ये. वर ताडपत्री, खाली गवत, बाजूंना गोणपाट. बाबा अंगणात उभे राहिले. "सांभाळून," म्हणाले, कुणाला ते कळलं नाही.

खिंड गाडीने अशी चढली की मान्य करायलाच हवं. एकदाही मागे सरली नाही. आपाकाका खिडकीतून ओरडले, "बघ गो! बघ दादलो!" मी म्हटलं, बघतंय. आणि खिंडीच्या माथ्याखालच्या वळणात दरड आली होती. थोडीच, जेसीबी लागला होता. पुढे गाड्यांची रांग. आम्ही थांबलो. गाडीला हिवताप भरला.

"आपा, इंजिन बंद करा!"

"चढार बंद? परत चालू नाय झाली तर तू ढकलतलंस?"

"आपा, बंद करा! मूर्ती थरथरतत!"

"जरा गप रव! देवाची गाडी हा!"

मी केबिनच्या मागच्या काचेवर मुठी मारल्या. आपाकाकांनी रेडिओ लावला, भजन. मी दोन हातांनी दोन मूर्ती धरल्या. मग तिसरी हलली म्हणून पाय लावला. देवाला पाय लावायचा नसतो, तरी लावला. माणसाला दोन हात असतात हा तुझाच हिशेब, महाराजा. चौथी मूर्ती माझ्यासमोर होती. तिच्या उजव्या हाताला, अभय देणाऱ्या हाताला, मनगटाशी एक केस दिसला. काळा, बारीक. मला वाटलं माझाच केस पडलाय. मी फुंकर मारली. तो केस नव्हता, तडा होता. हात गेला. पडताना आवाजही झाला नाही, खाली गवत होतं.

जेसीबी बाजूला होईपर्यंत तीन घरांचे गणपती गेले. एकाचा हात, एकाची सोंड, एकाचा कान.

परबांच्या घरी पहिली मूर्ती उतरवली. तिथल्या म्हाताऱ्या आजी ओटीवर पाट पुसायचं फडकं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तुटका हात बघितला, मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मला तेच आठवतं. रागाने नाही.

"ह्यो कोणी केललो?" त्यांनी आपाकाकांना विचारलं.

"चेडवान," आपाकाका म्हणाले.

"गाडीमुळे तुटला, आजी," मी म्हटलं. "डिझेलची गाडी थरथरता. पेट्रोलची असती तर..."

"गाडयेक नाव नको ठेवू, बाय," आजी म्हणाल्या. "देवान आधीच सांगितल्यान होता."

मला वाटलं, त्या डिझेलबद्दल बोलतायत. मला वाटलं, म्हातारी अडाणी आहे, देवाने सांगितलेल्या गाडीला खोट असू शकत नाही असं म्हणतेय. मी वाद घातला. उंदरांचं सांगितलं, फाटकाचं सांगितलं. आजी ऐकत राहिल्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "शिकलंस तां पुष्कळ झाला गो. आता घराक जा." त्यांनी त्या वर्षी विड्याच्या पानावर सुपारी ठेवून गणपती पुजला.

पुढच्या आषाढात परबांचा पाट आला नाही. ते समजण्यासारखं होतं. पण ज्यांच्या मूर्ती खालच्या वाडीत सुखरूप पोचल्या होत्या, ज्यांच्या गणपतीच्या नखालाही धक्का लागला नव्हता, त्यांचेही पाट आले नाहीत. देसायांचा नाही. गावड्यांचा नाही. शेजारच्या घाडींचा नाही, ज्यांच्या ओटीवरून आमची पडवी दिसते. मी दर रविवारी भिंतीकडे बघायचे. खुंट्या होत्या, पाट नव्हते. मला ते काही केल्या जुळेना. तीन मूर्ती तुटल्या तर तीन घरं तुटावीत. सगळी वाडी कशी तुटली?

त्याच्या पुढच्या वर्षी पडवीत चिरे आले. आपाकाकांनी बाहेरून मूर्ती आणल्या, गुलाबी गालांच्या, सगळ्या एकाच साच्यातल्या, सख्ख्या भावांसारख्या. डिझेलच्या गाडीत त्या मजेत आल्या. प्लास्टरला थरथर लागत नाही. मी तालुक्याला खोली घेतली आणि गाड्यांच्या मागे नावं रंगवायला लागले. आजही तेच करते. 'आईची कृपा', 'बघतोस काय', 'हॉर्न वाजवा'. हात चांगला आहे असं ड्रायव्हर म्हणतात. डोळा काढायला मात्र कोणी सांगत नाही. कधी लिंबू-मिरची, कधी वाघ.

बाबा गेल्या वैशाखात गेले. बाराव्याला लवू गुरव आले होते. दात गेलेले, एक कानही गेलेला, तरी आवाज तसाच खणखणीत. ओटीवर चहा पीत बसले. आपाकाका आत निजलेले, आये माझ्या बाजूला तांदूळ निवडत होती. बोलता बोलता मी म्हटलं, "गुरवकाकानू, त्या वर्षी देवान डिझेल सांगितल्यान नसता तर आज ही शाळा असती."

"डिझेल?" गुरव हसले. "देवाक डिझेल काय कळता, गो? देवाक गाडी तरी कळता? मी चार पिढ्यांचो गुरव, माका अजून डिझेल कळणा नाय."

"मगे तुमी इचारलास काय?"

"तुझ्या बापाशीन सांगितल्यान तां. तो म्हणालो, 'लवू, पेट्रोल-डिझेल काय घालू नको गाऱ्हाण्यात. देवाक इचार, माझा चेडू सांगता तसा करूचा काय? माझी शाळा तेच्या हातात देवची काय?' मी म्हटलंय, बाबा, ह्या भलताच. तर तो म्हणालो, इचार."

मी कप खाली ठेवला.

"तुमी तसा इचारलास? मोठ्यान? सगळ्या बाप्यांसमोर?"

"गाऱ्हाणा काय कानात सांगतत? सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटल्यानी मा. मगे डावो पडलो." त्यांनी बशी ओठाला लावली. "तुका म्हायत नाय? आख्ख्या वाडयेक म्हायत हा."

मी आयेकडे बघितलं. तिचे हात सुपात थांबले होते. तिने मान वर केली नाही.

"कित्याक केल्यानी बाबांनी असा?"

"तेका वाटला, देव व्हय म्हणतलो," गुरव म्हणाले. "मगे भावाचा तोंड बंद. वाडयेचा तोंड बंद. तुका कोण नाय म्हणतलो? म्हणालो माका, 'मी सांगान तर आपा ऐकूचो नाय, देव सांगीत तर ऐकतलो.' आणि डावो पडल्यार तो माझ्याकडे असो बघी... मी काय करू? पाकळी पडली ती पडली."

म्हणजे इंजिनाचं तुला कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं होतं माझं; मी म्हणते तसं नको, म्हणजे आपाकाकांचं डिझेल. आणि तू 'नाही' म्हणालास आणि ते सगळ्या वाडीने ऐकलं, पत्र्यावरच्या पावसामुळे एकटीने मी ऐकलं नाही. घाडींनी ऐकलं, देसायांनी ऐकलं, परबांच्या आजींना त्यांच्या मुलाने सांगितलं. त्या घरांनी तुटक्या हातासाठी पाट थांबवला नाही. देवाने नको म्हटलेल्या मुलीकडे पाट पाठवायचा कसा, म्हणून थांबवला. मी फाटकाची आणि उंदरांची गोष्ट सांगत दारोदार फिरत होते, आणि लोक माझ्याकडे कळवळून बघत होते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी तुझ्याकडे आले होते. पायऱ्यांवर थांबले नाही, आत आले. लवू गुरव खांबाला टेकून पेंगत होते. जागे झाले, घाबरले, मग म्हणाले, "पाकळ्यो लावू काय, बाय? काय इचारूचा हा?"

"लावू नकात," मी म्हटलं. "मीच इचारतंय."

तिथे विचारलं ते इथेही विचारते, म्हणजे तुझ्या भजनी मंडळालाही वाचता येईल.

बाबांना विचारता येत नाही. त्यांनी माझ्यासाठी भावाशी एकदा भांडायचं सोडून मला तुझ्या खांद्यावर चिकटवलं. त्यांचा हिशेब त्यांच्याबरोबर जळला. आपाकाकांना विचारून उपयोग नाही, ते 'देवाची मर्जी' म्हणतील. राहिलास तू. ती पाकळी तू पाडलीस, की पावसाळी हवेत गुरवाच्या बोटाचं पाणी डाव्या बाजूला कमी लागलं होतं म्हणून ती आपसूक पडली? आपसूक पडली असेल, तर एवढी वर्षं आमच्याकडे येणारे पाट तुझ्या नावावर थांबले होते तेव्हा तू तोंड का उघडलं नाहीस? आणि तूच पाडली असशील, तर माझ्या हातात काय खोट होती? त्या दोन वर्षांत वाडीने ज्या डोळ्यांना नमस्कार केला ते सगळे माझ्या हातचे होते. तुला आवडले नव्हते का?

उजवं-डावं नको. फूल नको, गुरव नको. मी उभी आहे. बोल.